कायरोप्रॅक्टिकचं पहिलं सत्र: आधी बोटं, मग झटका

कायरोप्रॅक्टिक, म्हणजे मणक्यांवर हातांनी करायचे उपचार, म्हटलं की आपल्याकडे व्हिडिओच आठवतात. मान एका बाजूला वळवली, झटका दिला, 'कट्ट' झालं, पेशंट हसला. अमेरिकेतल्या कॉलेजात पहिल्या ट्रायमेस्टरला, म्हणजे पहिल्या सत्राला, बसलेल्या मुलांनाही हा 'कट्ट' ताबडतोब हवा असतो. तो तेव्हा मिळत नाही आणि मिळूही नये. कातडीखाली बोटाला लागतंय ते नेमकं कुठलं हाड, हे डोळे मिटून सांगता येणं, एवढंच काम पहिल्या सत्राचं. बाकीचं सगळं त्यावर उभं राहतं.

डी.सी. (डॉक्टर ऑफ कायरोप्रॅक्टिक) पदवीसाठी तिथली मान्यता देणारी संस्था किमान ४,२०० तासांचं शिक्षण मागते. पुष्कळ कॉलेजं ते दहा ट्रायमेस्टरमध्ये बसवतात. पहिल्यात साधारणपणे ग्रॉस ॲनाटॉमी, मणक्यांची ॲनाटॉमी, बायोकेमिस्ट्री, हिस्टॉलॉजी किंवा एम्ब्रियॉलॉजी, व्यवसायाचा इतिहास आणि पाल्पेशन (बोटांनी चाचपून ओळखणं) असे विषय येतात. क्रम कॉलेजागणिक बदलतो. पुढे परवान्यासाठीच्या बोर्ड परीक्षेच्या पार्ट वनला जनरल ॲनाटॉमी, स्पायनल ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी, केमिस्ट्री, पॅथॉलॉजी आणि मायक्रोबायॉलॉजी विचारतात. म्हणजे पहिल्या सत्राच्या वह्या रद्दीत घालायच्या नाहीत.

ॲनाटॉमी पाठ करू नका, काढा

ब्रेकियल प्लेक्सस, म्हणजे हाताकडे जाणाऱ्या नसांचा गुंता, पुस्तकात पाहून कळतो आणि परीक्षेत विसरतो. रोज सकाळी कोऱ्या कागदावर, पुस्तक मिटून, तो एकदा काढा: सी५ ते टी१ अशी पाच मुळं (सी म्हणजे मान, टी म्हणजे पाठ, एल म्हणजे कंबर), तीन ट्रंक, सहा डिव्हिजन, तीन कॉर्ड, पाच शेवटच्या नसा. पहिल्या दिवशी पंधरा मिनिटं लागतील, दोन आठवड्यांत दोन मिनिटांवर याल.

हमखास मार्क जातात ती जागा म्हणजे नसांचे नंबर. मानेत मणके सात आणि नसा आठ. सी१ ते सी७ या नसा आपापल्या मणक्याच्या वरून बाहेर पडतात, सी८ ही सी७ आणि टी१ यांच्या मधून निघते आणि तिथून पुढची प्रत्येक नस आपल्या मणक्याच्या खालून जाते. हे एकदा डोक्यात बसलं की कमरेतला एल४-एल५ चा गादीचा त्रास बहुतेक वेळा एल५ च्या मुळाला का होतो, तेही कळतं. एल४ ची नस गादीच्या वरच्या बाजूनेच बाहेर निघून गेलेली असते. सरकलेल्या गादीच्या तावडीत सापडते ती खाली निघालेली एल५.

शवविच्छेदनाच्या हॉलमध्ये उपाशीपोटी जाऊ नका. गुडघे ताठ धरून तासभर उभं राहिलं की भोवळ येते. आलीच तर लाजू नका, तिथेच जमिनीवर बसा. कॉन्टॅक्ट लेन्सऐवजी चष्मा बरा, कारण फॉर्मॅलिनने डोळे चुरचुरतात. नायट्राइलचे हातमोजे घाला आणि त्या दिवसाचे कपडे वेगळ्या पिशवीतून आणून वेगळे धुवा. फोन बाहेरच ठेवा. ज्यांनी देह दिला त्यांचा फोटो काढणं हा अपमान तर आहेच, शिवाय त्यापायी कॉलेजातून नावही जाऊ शकतं. प्रॅक्टिकल परीक्षा आपल्या बारावीच्या स्पॉटिंगसारखीच असते. टाचणी लावलेली असते, मिनिटभर मिळतं आणि घंटा वाजते. म्हणून हॉलमध्ये जोडीने जा. एकाने बोट ठेवायचं, दुसऱ्याने नाव आणि काम सांगायचं.

पाल्पेशन: रोज वीस मिनिटं

नखं बोटाच्या टोकाच्या आत कापा, अंगठ्या काढा, हात धुऊन कोमट करा. वर्गात पाठ उघडी असलेला गाऊन घालून एकमेकांवर सराव असतो. आपल्याकडून गेलेल्या मुलामुलींना पहिल्या आठवड्यात हे जड जातं. जोडीदाराबद्दल काही अट असेल तर शिक्षकांना पहिल्याच दिवशी सांगा, नंतर चुळबुळत बसू नका. हात लावण्याआधी कुठे लावणार ते बोलून विचारायचं, दर वेळी.

सराव असा. जोडीदाराला बसवा. कवटीच्या मागच्या उंचवट्यावरून बोट मधोमध खाली घसरवा. पहिली ठसठशीत गाठ लागते ती सी२ ची. सी१ ला स्पायनस प्रोसेस, म्हणजे मणक्याचं मागे येणारं टोक, नसतोच, म्हणून तो मोजायचा नाही. सी३ ते सी५ मानेच्या बाकात दबलेले असतात, तिथे दाबून शोधण्यात अर्थ नाही. खाली मानेच्या बुडाशी दोन ठळक उंचवटे दिसतील, दोन्हींवर एकेक बोट ठेवा आणि जोडीदाराला हळूहळू वर छताकडे बघायला सांगा. पुढे सरकून बोटाखालून नाहीसा होतो तो सी६. जागेवर राहतो तो सी७. दोन्ही जागेवरच राहिले तर ते सी७ आणि टी१ आहेत, एक घर वर जा.

सी७ वर काजळाच्या पेन्सिलीने टिंब करा. ती धुतली की जाते आणि महागड्या मार्करची गरज उरत नाही. तिथून एकेक टिंब करत एल५ पर्यंत उतरा. वाटेत पडताळा घ्या. हात खाली सोडून बसल्यावर खांद्याच्या फऱ्याचं खालचं टोक साधारण टी७ च्या पातळीला येतं, कमरेच्या दोन्ही हाडांचे वरचे काठ जोडणारी रेघ एल४ च्या आसपास.

ही रेघ आणि तुमची मोजणी जुळली नाही, तर दोष बहुधा तीनपैकी एक असतो. सी७ चुकला, किंवा टी११-टी१२ च्या आखूड टोकांपाशी एक मणका गाळला, किंवा कमरेचा काठ वर धरला गेला. तिसरी चूक सर्वांत जास्त. हाडावरच्या मांसामुळे हात वर राहतो आणि रेघ एल३ कडे जाते. हात बाजूने आत ढकलून मग खाली टेकवा.

पाठीच्या मधल्या भागात आणखी एक फसवणूक आहे. टी७ ते टी९ यांचे स्पायनस प्रोसेस कौलांसारखे खाली झुकलेले असतात, त्यामुळे टी७ चं टोक साधारण टी८ च्या ट्रान्सव्हर्स प्रोसेसच्या (बाजूला निघणाऱ्या टोकाच्या) रेषेत येतं. टोकाच्या शेजारी दाबलं की तुम्ही खालच्या मणक्यावर असता.

सगळ्यांना दामटून दाबायची सवय असते. बोटाचं नख पांढरं पडलं की समजा जोर जास्त झाला, त्या दाबात बोटाला काही कळत नाही. घरी वहीच्या पानाखाली डोक्याचा एक केस ठेवा, डोळे मिटून तो शोधा. सापडला की वर आणखी एक पान.

झटक्याबद्दल

'कट्ट' हा हाड जागेवर बसल्याचा आवाज नाही. सांध्याचे पृष्ठभाग झपकन दूर होताना आतल्या द्रवात वायूची पोकळी तयार होते, त्याचा तो आवाज. २०१५ साली कॅनडात बोटाच्या सांध्याचं एमआरआय चालू असताना हे टिपलं गेलं. तोच सांधा पुन्हा वाजायला साधारण वीस मिनिटं लागतात. आवाज न येताही ॲडजस्टमेंट, म्हणजे मणक्याला दिलेला झटका, नीट झालेली असू शकते, आणि आवाज येऊनही चुकीच्या मणक्यावर झालेली असू शकते. आपल्याकडे दाढी झाल्यावर न्हावी मान मोडून देतो तोही आवाजच.

म्हणून हॉस्टेलच्या खोलीत एकमेकांच्या माना वाजवणं बंद. मणक्यातून जाणारी व्हर्टेब्रल धमनी बहुधा सी६ ला आत शिरते आणि वर सी१ पाशी वळण घेते. तिच्या अस्तराला चीर पडण्याची शक्यता कमी असली, तरी पडली तर परिणाम पक्षाघातापर्यंत जातो. आधी काय तपासायचं आणि कुणाला हात लावायचा नाही, हे अजून शिकायचंय. तोवर वेग कमवायचा तो स्पीडर बोर्डावर, म्हणजे झटक्याच्या सरावाच्या फळीवर: खांदे पिशिफॉर्मच्या (मनगटाच्या करंगळीकडच्या छोट्या हाडाच्या) थेट वर, झटका आखूड आणि झपकन. मनगट दुखायला लागलं तर तुम्ही शरीराऐवजी हाताने ढकलताय. टेबल खूप उंच असेल तरी हेच होतं.

पहिल्या महिन्यात घडीचं टेबल किंवा ॲक्टिव्हेटर (हातात धरून झटका द्यायचं उपकरण) विकत घेऊ नका. सेकंडहँड प्लॅस्टिकचा कणा पुरतो.

इतिहासाच्या तासाला वर्गात दोन तट पडलेले दिसतील. १८९५ साली अमेरिकेतल्या डेव्हनपोर्टला कायरोप्रॅक्टिकचे जनक डी. डी. पामर यांनी केलेल्या पहिल्या ॲडजस्टमेंटपासूनच 'जवळपास सगळे आजार मणक्यातून' हा दावा सोबत आहे, तो मानणारे एकीकडे आणि न मानणारे दुसरीकडे. कंबरदुखीसाठी या उपचाराला बऱ्यापैकी आधार आहे, दमा किंवा कानाच्या संसर्गासाठी नाही. ज्या शिक्षकाला हा फरक सांगताना अडचण होत नाही, त्याच्या तासाला पुढच्या बाकावर बसा.

सुट्टीत घरी गेलात की कुणीतरी 'जरा पाठ बघ ना' म्हणणारच. आपल्या गावाकडे उसण भरली की पायाळू माणसाकडून लाथ मारून घेणारे अजून आहेत, तुम्ही तर पदवी शिकताय. बोटांनी बघा, झटका देऊ नका. रात्री झोपमोड करणारी वेदना, ताप, पूर्वी झालेला कर्करोग किंवा पडल्यानंतरचं दुखणं असेल तर डॉक्टरकडे पाठवा. लघवी अडत असेल किंवा नकळत होत असेल, बैठकीच्या जागी बधिरपणा आला असेल, तर त्याच दिवशी हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत न्या.