गाडी शिकताना मॅन्युअल घ्यावी की ऑटोमॅटिक?

भारतात कारच्या परवान्यात मॅन्युअल आणि ऑटोमॅटिक असा भेद नाही. दुचाकीच्या परवान्यावर ‘गिअरविना’ आणि ‘गिअरसह’ असे दोन वेगळे प्रकार नोंदवले जातात, म्हणून कारलाही तसाच नियम असेल असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात हलक्या मोटार वाहनाचा, म्हणजे ‘एलएमव्ही’चा परवाना एकच असतो आणि तो दोन्ही प्रकारच्या गाड्यांना चालतो. ऑटोमॅटिकवर शिकलेल्या माणसाने पक्के लायसन्स हातात पडल्याच्या दुसऱ्या दिवशी क्लचची, म्हणजे डाव्या पायाने क्लचचे पेडल दाबून हाताने गिअर बदलायची मॅन्युअल गाडी रस्त्यावर काढली, तर कायदा त्याला अडवत नाही. मात्र पायांना ती गाडी येत नसते, आणि ते आपल्याला उड्डाणपुलाच्या चढावर, मागे बस उभी असताना कळते. त्यामुळे निवड विचारपूर्वक करण्याची जबाबदारी सर्वस्वी शिकणाऱ्यावर येते.

ड्रायव्हिंग स्कूलमध्ये पैसे भरण्यापूर्वी स्वतःला एकच प्रश्न विचारावा: लायसन्स मिळाल्यानंतरच्या पहिल्या वर्षात मी शेजारी कोणी नसताना कोणत्या गाडीत बसणार आहे? सवयी पक्क्या होतात त्या या पहिल्या वर्षात, शिकवणीच्या पंधरा-वीस दिवसांत नव्हे. घरातली गाडी मॅन्युअल असेल, तर मॅन्युअलवरच शिकावे; ‘आधी सोपे शिकतो, मग बघू’ असे म्हणून ऑटोमॅटिकची शिकवणी लावली, तर दारात उभी असलेली गाडी महिनोन्महिने हलत नाही. घरात गाडीच नसेल, वय कमी असेल आणि नोकरीनिमित्त कुठे जावे लागेल याचा भरवसा नसेल, तरीही मॅन्युअलच निवडावी, असे माझे स्पष्ट मत आहे. गावाकडे काकांची गाडी, कार्यालयाची गाडी, अडचणीच्या वेळी मित्राची गाडी, अशी आयुष्यात अवचित हाती येणारी गाडी आपल्याकडे अजूनही बहुतेकदा क्लचची असते. शिवाय क्लच येणाऱ्याला ऑटोमॅटिक अंगवळणी पडायला दोन-चार दिवस लागतात, उलट प्रवासाला मात्र काही आठवडे द्यावे लागतात.

परदेशी शिक्षणाला किंवा नोकरीला जाणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. ब्रिटनमध्ये वास्तव्याला गेल्यावर भारतीय परवाना बारा महिने चालतो, त्यानंतर तिथली परीक्षा द्यावी लागते, आणि ती ऑटोमॅटिक गाडीवर दिली तर मिळणारा परवाना फक्त ऑटोमॅटिकपुरताच असतो. जर्मनीतही तोच प्रकार होता. २०२१ पासून मात्र परीक्षा ऑटोमॅटिकवर देऊनही, मॅन्युअलच्या किमान दहा तासिका आणि एक छोटी चाचणी प्रशिक्षण संस्थेत पूर्ण केल्यास हे बंधन टळते. इथे असतानाच क्लच हातापायांत बसलेला असेल, तर तिथल्या महागड्या तासिका तुलनेने कमी लागतात. अमेरिकेला जाणाऱ्याला ही चिंता नाही, कारण तिथल्या जवळजवळ सर्वच गाड्या ऑटोमॅटिक असतात.

आता दुसरी बाजू, आणि ती मी अनुभवाने बोलतो. माझ्या थोरल्या बहिणीने पुण्यात दोन वेळा शिकवणी लावली आणि दोन्ही वेळा अर्धवट सोडली. गाडी सिग्नलला बंद पडायची, मागचे हॉर्न सुरू व्हायचे, घाईत क्लच पुन्हा झटक्यात सुटायचा आणि गाडी पुन्हा बंद पडायची. दुसऱ्या वेळी घरी आल्यावर ‘हे माझ्याच्याने होणार नाही’ असे ती म्हणाली, तेव्हा आम्ही सगळ्यांनी ते खरे मानले, याचे मला आजही वाईट वाटते. वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी ती ऑटोमॅटिकवर शिकली आणि आज एकटी साताऱ्याला जाऊन येते. तिला रस्ता कळत नव्हता असे मुळीच नव्हते. तिचे सगळे लक्ष डाव्या पायात अडकून पडत होते, आणि डावीकडून घुसणारी दुचाकी, अचानक थांबलेली रिक्षा, दुभाजकावरून उतरणारा माणूस यांच्याकडे पाहायला लक्षच उरत नव्हते.

म्हणून ज्यांच्या घरात ऑटोमॅटिक गाडी आहे आणि जे पन्नाशीच्या आसपास शिकत आहेत, ज्यांचा डावा गुडघा दुखतो, किंवा ज्यांनी एक-दोनदा भीतीने शिकणे सोडले आहे, त्यांनी कसलाही संकोच न बाळगता ऑटोमॅटिकवर शिकावे. ‘खरे ड्रायव्हिंग गिअरचेच’ असे म्हणणारे नातेवाईक प्रत्येक घरात असतात. त्यांचे ऐकून पुन्हा एक वर्ष वाया घालवू नये. तीन-चार महिने रस्त्याचा सराव झाल्यावर मॅन्युअलच्या सात-आठ फेऱ्या घेतल्या, तर क्लच पूर्वीपेक्षा किती तरी लवकर जमतो, कारण तेव्हा रस्ता आधीच ओळखीचा झालेला असतो.

मॅन्युअलवर शिकत असाल तर

ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिक्षकाच्या पायाखालीही क्लच आणि ब्रेक असतात. सुरक्षिततेसाठी ते आवश्यकच आहे, परंतु त्याचा एक तोटा कोणी सांगत नाही: गर्दीत गाडी बंद पडू नये म्हणून शिक्षक नकळत स्वतःच क्लच सांभाळत राहतात, आणि शिकणाऱ्याला वाटते की आपल्याला जमले. शिकवणी संपल्यावर घरची गाडी पार्किंगमधून बाहेरही निघत नाही, याचे कारण बहुधा हेच असते. म्हणून पहिला आठवडा उलटला की शिक्षकांना नम्रपणे सांगावे, ‘सर, आजपासून तुम्ही पाय बाजूला ठेवा, गाडी बंद पडली तरी चालेल.’ मोकळ्या रस्त्यावर गाडी दहा वेळा बंद पडलेली परवडते.

बसण्याची जागाही क्लचवरूनच ठरवावी. क्लच तळापर्यंत दाबल्यावर गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे; पाय ताणून दाबावा लागत असेल, तर सोडताना तो ताब्यात राहत नाही. त्यानंतर सपाट जागी अ‍ॅक्सिलरेटरला अजिबात न शिवता, केवळ हाफ क्लचवर, म्हणजे क्लच अर्धवट सोडून, गाडी पुढे सरकवण्याचा सराव करावा. क्लच हळूहळू सोडताना इंजिनाचा आवाज बदलतो आणि गाडीला बारीक थरथर येते; तो क्षण पायाला ओळखता आला, की निम्मी लढाई जिंकली. हा सराव एका वेळी पंधरा मिनिटे, असा चार-पाच दिवस केला, तर पुढची शिकवणी फार सुकर होते.

चढाचा सराव वेगळा आणि तो टाळू नये. हँडब्रेक ओढलेला ठेवावा, पहिला गिअर टाकावा, थोडा अ‍ॅक्सिलरेटर देत क्लच थरथरीपर्यंत सोडावा, गाडीचे नाक किंचित उचलल्यासारखे वाटले की मगच हँडब्रेक सोडावा. गाडी चढावर क्लच आणि अ‍ॅक्सिलरेटरच्या तोलावर धरून उभी ठेवण्याची कसरत अनेक जण अभिमानाने दाखवतात. त्याने क्लच प्लेट जळते आणि जळका वास येऊ लागतो. थांबायचे असेल तेव्हा ब्रेकवरच थांबावे.

ऑटोमॅटिकवर शिकत असाल तर

ऑटोमॅटिक ही एकच वस्तू नाही. आपल्याकडे छोट्या गाड्यांत सर्वाधिक दिसते ती एएमटी, म्हणजे ‘ऑटोमेटेड मॅन्युअल ट्रान्समिशन’. भारतात ती २०१४ मध्ये मारुतीच्या सेलेरिओमधून आली आणि तिच्यामुळेच ऑटोमॅटिक गाडी मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. एएमटीमध्ये क्लच असतोच, केवळ तो दाबण्याचे आणि गिअर बदलण्याचे काम यंत्रणा करते. त्यामुळे गिअर बदलताना गाडी क्षणभर दम घेतल्यासारखी अडखळते, आणि त्या वेळी अ‍ॅक्सिलरेटर थोडा सैल केला तर झटका कमी बसतो. सीव्हीटी आणि टॉर्क कन्व्हर्टर या ऑटोमॅटिकच्या दुसऱ्या यंत्रणा; त्यांच्या गाड्या यापेक्षा मऊ चालतात, पण त्याच गाडीच्या मॅन्युअल आवृत्तीपेक्षा बऱ्याच महाग पडतात. गिअरच्या दांड्यापाशी ‘पी’ (पार्किंग) हे अक्षर नसेल, तर ती गाडी बहुतेक वेळा एएमटी असते, आणि अशी गाडी उभी करताना ती गिअरमध्ये असतानाच इंजिन बंद करून हँडब्रेक ओढावा लागतो. हे न सांगितल्यामुळे न्यूट्रलमध्ये सोडलेल्या गाड्या उतारावर घरंगळल्याचे मी स्वतः पाहिले आहे. हाताने गिअर बदलायचा दांडा असलेली पण क्लचचे पेडल नसलेली आयएमटी ही आणखी वेगळी. तिच्यावर शिकून धड मॅन्युअल येत नाही आणि ऑटोमॅटिकची सोयही मिळत नाही, म्हणून घरात तीच असल्याखेरीज शिकण्यासाठी ती निवडू नये.

ऑटोमॅटिकचा खरा धोका तिच्या सोपेपणातच आहे, आणि या मुद्द्यावर मी थोडा अधिक वेळ घेतो. मॅन्युअल गाडीत नवख्याची चूक झाली, क्लच झटक्यात सुटला, तर गाडी बंद पडते. ती चूक तिथेच संपते. ऑटोमॅटिकमध्ये ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलरेटर दाबला गेला तर गाडी उसळी घेते, घाबरलेला माणूस तोच पाय आणखी जोरात दाबतो, आणि सोसायटीची भिंत किंवा समोर उभा असलेला माणूस दोन-तीन मीटरवरच असतो. म्हणून ऑटोमॅटिकवर पहिले तीन दिवस रस्त्यावर न जाता फक्त ब्रेकवर गाडी चालवण्याचा सराव करावा. गाडी ‘डी’मध्ये, म्हणजे पुढे जाण्याच्या गिअरमध्ये टाकून ब्रेक सैल केला की बहुतेक ऑटोमॅटिक गाड्या आपोआप हळूहळू सरकू लागतात, पार्किंगमध्ये पुढेमागे करण्यासाठी तेवढा वेग पुरतो, अ‍ॅक्सिलरेटरची गरज नसते. उजव्या पायाची टाच जमिनीवर ब्रेकच्या समोर टेकलेली ठेवावी आणि अ‍ॅक्सिलरेटरसाठी फक्त चवडा उजवीकडे वळवावा. डावा पाय बाजूच्या पायटेकणीवर ठेवावा आणि तिथून हलवू नये. मॅन्युअलची सवय असलेला माणूस ऑटोमॅटिकमध्ये बसला, की डावा पाय क्लच शोधत ब्रेकवर आदळतो आणि गाडी जागच्या जागी थांबते. मागच्या गाडीने अंतर ठेवले नसेल, तर अपघात होतो. अशा माणसाने पहिले दोन दिवस रिकाम्या रस्त्यावरच काढावेत.

चढावर एएमटी गाडी मागे सरकू शकते. काही गाड्यांत हिल होल्ड असतो, तो ब्रेक सोडल्यावर दोनेक सेकंद गाडी धरून ठेवतो. तो नसेल तर मॅन्युअलप्रमाणेच हँडब्रेक वापरावा. इथेही अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी तोलून धरू नये, कारण आतमध्ये जळणारी क्लच प्लेट तीच असते.

घाट

महाराष्ट्रात गाडी शिकणाऱ्याला घाट चुकत नाही. खंडाळा, कसारा, ताम्हिणी, कुंभार्ली, आंबोली, यांपैकी कुठला ना कुठला कधीतरी उतरावाच लागतो, आणि शिकवणीत तो जवळजवळ कोणीच शिकवत नाही. मॅन्युअलची निवड केलेल्याला इथे एक नैसर्गिक फायदा मिळतो. खालचा गिअर टाकला की इंजिनच गाडीला मागे धरते आणि ब्रेकवरचा भार कमी होतो. सतत ब्रेक दाबून उतरल्यास ते तापतात आणि तापलेले ब्रेक नीट पकडत नाहीत. ढोबळ हिशेब असा, की ज्या गिअरमध्ये तो चढ चढला असता, त्याच गिअरमध्ये तो उतार उतरावा. इंधन वाचवण्यासाठी न्यूट्रलमध्ये उतरणे हा जिवाशी खेळ आहे. शिवाय आधुनिक इंजिने गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर सोडून उतरताना इंधन जवळजवळ घेतच नाहीत, त्यामुळे त्यात बचतही होत नाही.

ऑटोमॅटिक असणाऱ्याने घाटाच्या माथ्यावरच एएमटी ‘एम’मध्ये, म्हणजे गिअर स्वतः निवडण्याच्या स्थितीत घेऊन दुसरा किंवा तिसरा गिअर पकडावा, सीव्हीटीमध्ये इंजिनाने गाडी मागे धरणारे ‘एल’ किंवा ‘एस’ असल्यास ते वापरावे. आपल्या गाडीत यांपैकी काय आहे, हे घाटात नव्हे, घरीच पुस्तिका वाचून ठरवून ठेवावे. इलेक्ट्रिक गाडीला गिअर बदलावे लागत नाहीत आणि अ‍ॅक्सिलरेटर सोडताच ती स्वतःच वेग कमी करते, त्यामुळे उतारावर ती सोयीची वाटते. मात्र बॅटरी काठोकाठ भरलेली असताना ही पकड ढिली पडते, म्हणून लोणावळ्यात पूर्ण चार्जिंग करून लगेच घाट उतरणाऱ्याने ब्रेकवर लक्ष ठेवावे. घाटात चढणाऱ्या वाहनाला आधी जाऊ द्यायचे असते, हा नियम दोन्ही प्रकारच्या चालकांना सारखाच लागू आहे.

वेळेचा हिशेब असा करावा. कच्चे लायसन्स सहा महिने चालते आणि पक्क्याची परीक्षा तीस दिवसांनंतरच देता येते. या काळात शेजारी पक्के लायसन्स असलेली व्यक्ती आणि गाडीच्या पुढेमागे पांढऱ्या पाटीवर लाल ‘एल’ असणे बंधनकारक आहे. तीस दिवस झाले म्हणून लगेच परीक्षेची तारीख घेण्याची घाई करू नये. शिकवणीनंतर घरच्या गाडीवर किमान महिनाभर, रोज नाही तर एक दिवसाआड सराव करून मगच आरटीओत जावे.

ड्रायव्हिंग स्कूल निवडताना त्यांच्याकडे दोन्ही प्रकारच्या गाड्या आहेत का, हे विचारावे, आणि असतील तर पैसे भरण्यापूर्वी दोन्हींवर अर्धा-अर्धा तास बसू देण्याची विनंती करावी. ऑटोमॅटिक निवडली असेल, तर ती एएमटी आहे की आणखी कुठली, आणि परीक्षेच्या दिवशी हीच गाडी मिळणार का, हेही तिथेच स्पष्ट करून घ्यावे. मॅन्युअल निवडली असेल, तर घरच्या गाडीइतकाच क्लच जड आहे का ते पाहावे. शाळेच्या जुन्या गाडीचा क्लच आणि घरच्या नव्या गाडीचा क्लच यांत बराच फरक असतो, त्यामुळे शेवटचे चार-पाच दिवस शिक्षकांना घरच्या गाडीत शेजारी बसण्याची विनंती करून पाहावी. बरेच शिक्षक थोड्या जादा शुल्कात ते मान्य करतात.