जगातला सगळ्यात गुणी घोडा कोणता? या वादातल्या चुका टाळा

मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर दोन रेसच्या मध्ये साधारण अर्धा तास मिळतो. तेवढ्यात पॅडॉकला (रेसआधी घोडे फिरवून दाखवतात तिथे) चक्कर मारायची, पैसे लावायचे, चहा घ्यायचा आणि उरलेल्या वेळात भांडायचं. आमच्या टोळक्याचा भांडणाचा विषय ठरलेला आहे: गेल्या तीस-चाळीस वर्षांत जगातला सगळ्यात गुणी घोडा कोणता? फ्रँकेल, सी द स्टार्स, ब्लॅक कॅव्हियार, विंक्स, झेन्याटा, फ्लाइटलाइन. नावं तीच, आवाज मात्र दर वेळी चढा. यातल्या बहुतेक चुका मी स्वतः केल्या आहेत, काही तर दोनदोनदा.

पहिली चूक म्हणजे नक्की काय विचारलंय तेच न ठरवणं. गुण वेगळा, कारकीर्द वेगळी. अमेरिकेचा फ्लाइटलाइन आयुष्यात फक्त 6 रेस पळाला आणि सहाही जिंकला. 2022 च्या पॅसिफिक क्लासिकमध्ये त्याने बाकीच्यांना 19 लेंथहून जास्त मागे टाकलं. (एक लेंथ म्हणजे घोड्याची लांबी, साधारण अडीच मीटर.) ऑस्ट्रेलियाची विंक्स 2015 ते 2019 या काळात ओळीने 33 रेस जिंकली, त्यात कॉक्स प्लेट ही तिथली मोठी रेस चार वर्षं लागोपाठ. एक जण ‘सगळ्यात चांगल्या दिवशी हा घोडा काय करू शकतो’ ते मोजतोय आणि दुसरा ‘चार वर्षं कोण टिकलं’ ते, अशा दोघांचा वाद संध्याकाळच्या शेवटच्या रेसपर्यंतही मिटणार नाही. आधी प्रश्न ठरवा. मी इथे गुणाबद्दलच बोलतोय.

दुसरी चूक लेंथ मोजत बसण्याची. माझी सगळ्यात जुनी चूक हीच. 2009 साली सी द स्टार्सने मे ते ऑक्टोबर या सहा महिन्यांत दर महिन्याला एक अशा 6 ग्रुप वन (सगळ्यात वरच्या दर्जाच्या) रेस मारल्या: टू थाउजंड गिनीज, एप्समची डर्बी, एक्लिप्स, यॉर्कची इंटरनॅशनल, आयरिश चॅम्पियन आणि पॅरिसची आर्क. म्हणजे आठ फर्लांगांपासून बारा फर्लांगांपर्यंत. (आठ फर्लांगांचा एक मैल, म्हणजे एक फर्लांग साधारण दोनशे मीटर.) पण या सहांतलं जिंकण्याचं सगळ्यात मोठं अंतर किती? अडीच लेंथ. एक्लिप्स आणि इंटरनॅशनल तर एकेका लेंथने. तेव्हा मी म्हणालो होतो, “हा जेमतेम जिंकणारा घोडा आहे.” आमच्यातले एक काका नुसते हसले. म्हणाले, “अरे बाबा, तो पुढे गेला की काम थांबवतो. शेवटच्या खांबाच्या, पोस्टाच्या पलीकडे पळायचे पैसे कोण देतं त्याला?” आर्कची रेस परत बघितली तेव्हा पटलं. सुरुवातीला घोडा लगाम ओढत होता, मग गर्दीत अडकला. सरळ रस्ता लागल्यावर आतल्या बाजूने फट सापडली, तिच्यातून तो दोन-चार झेपांत निघाला आणि निघाल्याबरोबर रेस संपल्यासारखा पळू लागला. दुसरा आला यूमझेन. बिचारा तिसऱ्या वर्षी लागोपाठ दुसरा.

उलट बाजूही बघा. 2011 च्या गिनीजमध्ये न्यूमार्केटच्या सरळ मैलावर फ्रँकेल गेट उघडताच सुसाट सुटला. अर्ध्या वाटेत बाकीचे दहा-पंधरा लेंथ मागे, जणू दुसऱ्याच रेसमध्ये. शेवटी अंतर उरलं 6 लेंथ. नुसता निकाल वाचला तर ‘आरामात जिंकला’ एवढंच कळतं. प्रत्यक्षात एवढा वेग पहिल्या अर्ध्या मैलात खर्च करून कुठलाही साधा घोडा शेवटी चालतच पोचला असता. पोस्टाजवळचं अंतर म्हणजे रेसचा शेवटचा फोटो, अख्खी रेस नव्हे.

‘अपराजित’ या शब्दाला भुलणं ही तिसरी. ब्लॅक कॅव्हियार 25 पैकी 25. पण तिचा इंग्लंडमधल्या अॅस्कॉटचा दिवस आठवा, 23 जून 2012. अर्ध्या जगाचा प्रवास करून आलेली घोडी सहा फर्लांगांच्या रेसमध्ये पुढे होती. जॉकी ल्यूक नोलनला वाटलं, झालं काम, आणि त्याने हात सैल सोडले. तेवढ्यात मूनलाइट क्लाउड अंगावर आली. त्याला पुन्हा घोडी हाकावी लागली आणि ती डोकंभर अंतराने वाचली. नंतर तिचे स्नायू फाटल्याचंही कळलं. त्या दोन झेपांत ती हरली असती तर तिचा गुण कमी झाला असता का? झेन्याटाचं तेच. ओळीने 19 जिंकून 2010 च्या ब्रीडर्स कप क्लासिकमध्ये, म्हणजे विसाव्या आणि शेवटच्या रेसमध्ये, ती ब्लेमच्या मागे डोकंभर राहिली. नेहमीसारखी सगळ्यांच्या मागून आली होती. माझ्या मते ती हरलेली रेस तिच्या अनेक विजयांपेक्षा भारी आहे.

जपानच्या ऑर्फेव्हरचं उदाहरण तर हाडाच्या रेसवाल्याला आजही झोंबतं. 2012 च्या आर्कमध्ये त्याने बाहेरून येऊन सगळ्यांना असं ओलांडलं की बाकीचे थांबलेत असं वाटावं. मग एकटाच पुढे असताना तो तिरका आतल्या रेलिंगकडे झुकत गेला आणि सोलेमियाने त्याला अगदी पोस्टाजवळ गाठलं. कागदावर ‘दुसरा’. गुणाचा वाद असेल तर त्या कागदाची घडी घालून खिशात ठेवा.

मागे कोण होतं, हे न विचारणं ही चूक नवखेच करतात असं नाही. ‘फ्रँकेलला टक्कर द्यायला होतं कोण?’ हा प्रश्न मी पन्नास वेळा ऐकलाय. त्याला एका घोड्याचं नाव पुरे: एक्सेलेब्रेशन. फ्रँकेलने त्याला पाच वेळा हरवलं, 2012 च्या क्वीन अॅन रेसमध्ये तब्बल 11 लेंथने. त्याच वर्षी 20 ऑक्टोबरला अॅस्कॉटला फ्रँकेल वेगळ्या रेसमध्ये पळणार होता. त्या दिवशी एक्सेलेब्रेशनने क्वीन एलिझाबेथ स्टेक्स 3 लेंथने मारली. म्हणजे मोजपट्टी खरी होती, फक्त ती रोज फ्रँकेलच्या बाजूला ठेवली जात होती. विंक्सबद्दलही ‘ऑस्ट्रेलियाबाहेर गेलीच नाही’ असं म्हणतात. ते खरंच आहे. पण 2018 च्या कॉक्स प्लेटमध्ये बाहेरचा बेनबॅटल तिच्या दारात आला होता. तो 2 लेंथ मागे राहिला.

आता रेटिंग, म्हणजे घोड्याच्या गुणाला दिलेला आकडा. आमच्यातल्या एकाला आकडे तोंडपाठ आहेत आणि आकडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ असं तो समजतो. त्याला एक गोष्ट सांगून गप्प करता येतं. 1986 मध्ये आर्क जिंकलेल्या डान्सिंग ब्रेव्हला आंतरराष्ट्रीय हँडिकॅपरांनी (हे आकडे ठरवणाऱ्या अधिकृत मंडळींनी) 141 दिले होते. फ्रँकेलला मिळाले 140. मग 2013 च्या सुरुवातीला जुन्या वर्षांचे आकडे फुगलेले होते असं ठरवून डान्सिंग ब्रेव्हला 138 वर आणलं आणि फ्रँकेल पहिला झाला. धावायला ना हा आला, ना तो. टाइमफॉर्म या ब्रिटिश रेसिंग प्रकाशनाचा हिशेब वेगळा. त्यांच्याकडे फ्रँकेलचे 147, त्यांच्या इतिहासातले सर्वोच्च. दोन यादींतले आकडे एकमेकांशी ताडू नका. आणि घोडींचा आकडा वाचताना लक्षात ठेवा की मोठ्या रेसमध्ये त्यांना पाठीवर कमी वजन घेण्याची सवलत असते, युरोपात साधारण दीड किलो, ऑस्ट्रेलियात 2 किलो. ती धरली नाही तर विंक्स आणि ब्लॅक कॅव्हियार दोघींवर अन्याय होतो.

वेळेचं तर विचारूच नका. 2023 साली जपानच्या शरद तेन्नो शो या रेसमध्ये इक्विनॉक्स या घोड्याने 2000 मीटर 1 मिनिट 55.2 सेकंदांत कापले. टोकियोचं कडक, वेगवान गवत आणि ऑक्टोबरातलं अॅस्कॉटचं चिखलट गवत यांची घड्याळं सारखी चालत नाहीत. आपल्याकडे पुण्याला पावसाळी हंगामात आदल्या रात्री सर पडली की वेळा कशा बदलतात ते बघितलेल्याला हे वेगळं सांगायला नको.

आणि कृपा करून पोरांची यादी काढू नका. फ्रँकेलची पोरं डर्बी जिंकतात हा त्याच्या रक्ताचा गुण, त्याच्या धावण्याचा पुरावा नव्हे. ओळीने 16 रेस जिंकणाऱ्या सिगारला स्टडवर (पैदाशीसाठी ठेवल्यावर) एकही पिल्लू झालं नाही. म्हणून तो काय हळू पळत होता?

एवढं सगळं टाळून झाल्यावर माझं मत फ्रँकेल. मैलाच्या रेसमध्ये मुरलेल्या घोड्याने यॉर्कला साडेदहा फर्लांगांच्या जवळपास अंतरावर 7 लेंथने जिंकावं आणि जॉकीला हात हलवावा लागू नये, हे मी दुसऱ्या कुणाचं बघितलेलं नाही. परवा हे सगळं मुद्देसूद मांडलं. काकांनी शांतपणे रेसबुक मिटलं आणि विचारलं, “बारा फर्लांग पळाला का कधी?”

नव्हता पळाला.