साइटवर जुनंच पान दिसतंय? पेज कॅशिंगमधल्या या चुका टाळा

बातमीतला चुकलेला आकडा दुरुस्त केला, ‘अपडेट’ दाबलं, साइटवर पाहिलं तर आकडा बरोबर. थोड्या वेळाने वाचक स्क्रीनशॉट पाठवतो आणि त्यात जुनाच आकडा असतो. एन्जिनएक्स या वेब सर्व्हरवर चालणाऱ्या वर्डप्रेस साइट सांभाळणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही.

इथे पहिली चूक तपासण्यातच होते. लॉग-इन केलेल्या माणसाची कुकी (ब्राउझरमध्ये ठेवलेली ओळखखूण) दिसली की सर्व्हर कॅश, म्हणजे बनवून ठेवलेल्या पानांचा साठा, बाजूला ठेवतो आणि पीएचपी, डेटाबेस यांच्याकडून पान नव्याने बनवून घेतो. निदान तसा नियम लिहिलेला असतो. बाकीच्यांना आधीच बनवून डिस्कवर ठेवलेली एचटीएमएल प्रत मिळते. म्हणून संपादकाने आपल्या लॉग-इनमधून पाहून ‘मला तर नवीन दिसतंय’ म्हणण्याला अर्थ नाही. इन्कॉग्निटोमध्ये पाहा. कंट्रोल-एफ५ दाबूनही ब्राउझरमधली प्रतच बदलते, सर्व्हरवरची नाही. त्याहून चांगलं म्हणजे कॅशची स्थिती हेडरमध्ये (पानासोबत येणाऱ्या माहितीच्या ओळींमध्ये) दिसेल अशी एक ओळ एन्जिनएक्सच्या कॉन्फिगमध्ये घाला. ‘हिट’ आलं तर पान साठ्यातून आलं, ‘मिस’ आलं तर साठ्यात नव्हतं, ‘बायपास’ आलं तर मुद्दाम टाळलं. एवढं कळलं की अंदाजाने चाचपडणं थांबतं.

साठवलेल्या प्रतीची मुदत संपली की पान आपोआप ताजं होतं, हाही एक पक्का गैरसमज. मुदत संपल्यावर काहीच घडत नाही. पुढचा वाचक येतो तेव्हा कुठे नवी प्रत बनते आणि ती बनेपर्यंत तो ताटकळतो. गर्दीच्या वेळी असे शंभर जण एकदम आले तर शंभर वेळा तेच पान बनवायचा प्रयत्न होतो आणि डेटाबेस बसतो. म्हणूनच प्रत्येक छोट्या दुरुस्तीनंतर ‘पर्ज ऑल’ दाबायची, म्हणजे सगळी कॅश रिकामी करायची सवय मला घातक वाटते. बदललेला लेख, मुखपृष्ठ, त्या विभागाची यादी आणि फीड एवढंच रिकामं करा. कॅश लॉक सुरू ठेवा, म्हणजे एकच विनंती पान बनवायला जाते. नवी प्रत मागे तयार होत असताना जुनी देत राहण्याची सोयही एन्जिनएक्समध्ये आहे, ती वापरा.

मुदत एक दिवसाची ठेवूनही सकाळी सगळीकडे ‘मिस’ दिसत असेल, तर एन्जिनएक्सच्या कॉन्फिगमधल्या ‘इनॅक्टिव्ह’ या सेटिंगची किंमत पाहा. ती न लिहिल्यास १० मिनिटं धरली जाते आणि तेवढ्या वेळात कुणी न मागितलेलं पान मुदत शिल्लक असली तरी पुसलं जातं.

वर्डप्रेसचं कॅश प्लगइन, एन्जिनएक्स आणि वर सीडीएन (जागोजागच्या सर्व्हरवर प्रती ठेवणारी सेवा) असे कॅशचे तीन थर असतील तर आतून बाहेर रिकामे करत या. सीडीएन आधी रिकामं केलं तर ते आतल्या थरातली जुनीच प्रत उचलून पुन्हा साठवतं.

फॉर्म मधूनच चालेनासा झाला तर ‘नॉन्स’वर संशय घ्या. वर्डप्रेसचा हा सुरक्षा-कोड १२ ते २४ तासांत बाद होतो. तो पानात असेल आणि पान त्याहून जुनं असेल, तर फॉर्म नाकारला जातो. अशा पानांची मुदत १० तासांच्या आत ठेवा.

आता सगळ्यात गंभीर चूक. ‘सेट-कुकी’ (ब्राउझरला कुकी देणारं) हेडर असलेलं उत्तर एन्जिनएक्स मुळात साठवत नाही. हिट वाढवण्याच्या नादात लोक ते हेडर दुर्लक्षित करायची ओळ कुठूनतरी आणून चिकटवतात. मग एकाची सेशन कुकी (लॉग-इनची ओळख) दुसऱ्याच्या हाती पडू शकते. कॅशच्या नियमात चूक झाली की काय होतं, हे २५ डिसेंबर २०१५ रोजी स्टीम या गेमच्या दुकानात दिसलं. हल्ल्यामुळे वाढलेली गर्दी आवरण्यासाठी लावलेल्या नियमांनी लॉग-इन केलेल्या ग्राहकांची पानंही साठवली आणि ती भलत्यांना दिसली. सुमारे ३४,००० जणांच्या पानांना धोका पोचला. त्यांपैकी काहींवर बिलाचा पत्ता, खरेदीचा इतिहास, ईमेल असा मजकूर होता.

तुमच्या साइटवर दुकान असेल तर कार्ट, चेकआउट आणि ‘माझं खातं’ ही पानं कॅशमधून पूर्ण वगळा. नंतर दोन वेगळ्या ब्राउझरमध्ये दोन खाती उघडून तीच पानं पाहा. दोन्हीकडे प्रत्येक वेळी ‘बायपास’ यायला हवं. एकदा जरी ‘हिट’ आलं, तरी नियम दुरुस्त होईपर्यंत कॅश बंद ठेवा.