जुन्या घराचा नकाशा शोधायचाय? आधी त्या वर्षी गाव कुणाचं होतं ते बघा

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली काढली की त्यातनं हमखास एक निळ्या कागदाची गुंडाळी निघते, सोबत चारदोन पिवळे पडलेले फोटो आणि सुतळीनं बांधलेला बिलांचा गठ्ठा, आणि घरातलं कुणीतरी म्हणतंयच, "काय ते जुनंपानं, घाला की ओ बंबात." घालू नका. ती निळी गुंडाळी म्हंजे घराचा नकाशा असतोय. वाटणीच्या वेळी, दुरुस्तीच्या वेळी, नाहीतर नुसतं आजोबांनी घर कसं बांधलं हे बघायचं म्हटलं तरी तोच कामाला येतोय. मी बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या घरापायी दोन वर्षं या नादात घालवली, म्हणून जे जमलं आणि जे फसलं ते सगळं लिहून ठेवतोय.

पहिली चूक सगळेच करतात, मीपण केली. घर आत्ता बेळगावात आहे म्हणून परवानगीचे कागद मागायला थेट बेळगावातल्या ऑफिसात जाऊन उभा राहिलो. दोन महिने हेलपाटे. "रेकॉर्ड नाही", "पुढच्या सोमवारी या", "साहेब मीटिंगला गेलेत". शेवटी एक दिवस घरी नकाशा उन्हाच्या कवडशात तिरका धरून बघितला तर कोपऱ्यातला पुसट गोल शिक्का वाचता आला, सांगली संस्थान! आणि डोक्यात उजेड पडला, शहापूर संस्थानं विलीन होईपर्यंत सांगलीकरांचं होतं की, १९३९ साली घराला परवानगी बेळगावनं कशाला दिली असती? त्या बिचाऱ्या क्लार्कला मी उगीच शिव्या घालत होतो.

म्हणून कागद शोधायला बाहेर पडायच्या आधी एका वहीवर एवढंच लिहा, घर कुठल्या साली बांधलं आणि त्या साली ते गाव कुणाच्या अमलाखाली होतं. आपल्या भागात हे लई गुंतागुंतीचं आहे. बेळगाव जिल्हा मुंबई इलाख्यात होता, पण मधे मधे संस्थानांचे तुकडे पसरलेले, शहापूर सांगलीकडं, रायबाग कोल्हापूरकडं, रामदुर्ग तर स्वतःच संस्थान. दक्षिणेतली ही मराठा संस्थानं १९४८ च्या मार्चमधे मुंबई प्रांतात आली, कोल्हापूर १ मार्च १९४९ ला. मग १ नोव्हेंबर १९५६ ला आख्खा जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, फक्त चंदगड तालुका तेवढा मागं मुंबई राज्यात राहिला. म्हंजे चंदगडवाल्यांचं आणखीनच उलटं, त्यांचं ऑफिस आत्ता कोल्हापुरात पण १९५६ च्या आधीचे जिल्ह्याचे कागद बेळगावच्या नावावर. सीमाप्रश्नावर आपण चहाच्या टपरीवर तासतासभर भांडतो पण ही सीमा कागदांच्या कपाटातनं पण गेलीय हे कुणाच्या ध्यानात येत नाही.

एकदा साल आणि सरकार ठरलं की मग कुठं जायचं ते आपोआप कळतंय. सरकारी इमारत असली, कचेरी, शाळा, दवाखाना, पूल, आणि ती १९५६ च्या आधीची असली तर मुंबईचं पुराभिलेखागार, म्हंजे जुन्या सरकारी कागदांचं भांडार, काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या बिल्डिंगमधे. तिथं मुंबई इलाख्याच्या पी.डब्ल्यू.डी.चे व्हॉल्यूम खात्यानुसार आणि सालानुसार लावलेले असतात, नुसतं "बेळगावचं काय आहे" असं विचारून काही हाती लागत नाही, साल सांगायला लागतंय. ओळखपत्र न्या आणि पेन्सिल न्या, पेन नको. कोल्हापूर संस्थानचं असलं तर कोल्हापूरचं पुराभिलेखागार, तिथं मोडी वाचणारा सोबत असला तर उत्तम. १९५६ नंतरचं असलं तर बेंगळूर आणि धारवाडकडं कर्नाटक राज्य पुराभिलेख खात्याला विचारायचं. नॅशनल आर्काइव्हजचं 'अभिलेख पटल' नावाचं पोर्टल आहे, ते घरबसल्या बघता येतंय, आधी तिथं चाळून घ्या.

कँटोन्मेंटमधला बंगला असला तर हे सगळं विसरा. कँपाची जमीन सिटी सर्व्हेत येत नाही, तिचं जी.एल.आर. म्हंजे जनरल लँड रजिस्टर वेगळं असतंय. आणि मिलिटरीच्या चालू इमारतींचे नकाशे मागायला जाऊ नका, देणार नाहीत आणि वर चौकशी होईल. रेल्वेचं पण वेगळंच, लोंढा-खानापूर-घटप्रभा ही लाइन सदर्न मराठा रेल्वे कंपनीनं टाकली, १९०८ मधे ती मद्रास रेल्वेला मिळून एम. अँड एस.एम. (मद्रास अँड सदर्न मराठा) झाली, आणि आत्ता नैऋत्य रेल्वे, मुख्यालय हुबळी. तेव्हा स्टेशनातल्या क्वार्टरचं ड्रॉइंग शोधताना कागदावर यातलं कुठलं नाव आहे ते बघितलं की काळ पण कळतोय.

साधं राहतं घर असलं तर तीन ठिकाणं, म्युनिसिपालटीची बांधकाम परवानगी, सिटी सर्व्हेचा नकाशा आणि प्रॉपर्टी कार्ड, आणि सब-रजिस्ट्रारकडचं खरेदीखत. खरेदीखत लोक विसरतात, पण त्यात चतुःसीमा लिहिलेली असते, पूर्वेस अमक्याचं घर, दक्षिणेस बोळ, आणि किती खणी घर, माडी आहे की नाही, परसात विहीर आहे का, हे सगळं शब्दात असतंय. नकाशा हरवला असला तरी त्या चार ओळींवरनं निम्मं घर उभं राहतंय.

माहिती अधिकाराचा अर्ज करणार असला तर एक ध्यानात ठेवा, कायद्यानं अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत पायजे, म्हंजे आपल्याकडं कन्नड. मराठीत दिलेला परत आला म्हणून चिडून उपयोग नाही (चिडलो होतो मी). शिवाय कर्नाटकाच्या नियमात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, फी १० रुपये. तेव्हा घराण्याचा इतिहास लिहीत बसू नका, सरळ परवाना नंबर, तारीख, सी.टी.एस. म्हंजे सिटी सर्व्हेचा नंबर, आणि "मंजूर नकाशाची नक्कल". उत्तराला ३० दिवस.

इंग्रजी कॅटलॉगमधे शोधताना स्पेलिंग बदलून बदलून बघा. बेळगावच्या इंग्रजी स्पेलिंगमधनं जुन्या कागदात 'यू' कधी असतोय कधी नसतोय, निपाणी 'नेपानी' होतंय, कोल्हापूरच्या 'पूर'मधे दोन 'ओ' लागतात. जेम्स बर्जेसनं १८७४ च्या जानेवारी ते मे मधे बेळगाव आणि कलादगी जिल्हे फिरून देवळांचा पहिला अहवाल केला, देवळांचं आणि बस्त्यांचं (जैन मंदिरांचं) काम करणाऱ्यानं सुरुवात तिथनं करावी, आणि १८८४ चं बेळगावचं इंग्रजी गॅझेटियर. दोन्ही स्कॅन करून नेटवर आहेत, फुकट. आजच्या नावानं शोधलासा तर काहीच मिळणार नाही, बेळगावी हे नाव सरकारी झालं २०१४ च्या १ नोव्हेंबरला.

आता नकाशा हातात आला म्हणू. आधी रेषा बघू नका, कोपरे बघा. शिक्का, परवाना नंबर, तारीख, सही, स्केल. त्यातला परवाना नंबर म्हंजे किल्ली, तो मिळाला की ऑफिसातल्या आवक-जावक रजिस्टरात नोंद सापडू शकते. तारीख शकात असली तर सालात साधारण ७८ मिळवा. स्केल बहुतेक 'एका इंचास आठ फूट' असतंय, म्हंजे १:९६. आजकालची पोरं त्याला १:१०० समजून मेट्रिक पट्टी लावतात आणि २४ फुटाची भिंत २५ फूट भरते, मग म्हणतात शेजाऱ्यानं फूटभर ढापला! झेरॉक्सवर तर स्केलचा आकडा मानूच नका, झेरॉक्स लहानमोठी होते, नकाशावर स्केलची आखलेली पट्टी असली तर तिच्यावरनं मोजा. आणि रंग, म्युनिसिपालटीच्या नकाशात लाल म्हंजे नवीन काम, पिवळं म्हंजे पाडायचं, काळं म्हंजे आधीपासनं असलेलं. आमच्या चुलत्यांनी पिवळी खोली "ही माझ्या वाटणीची" म्हणून वर्षभर वाद घातला, ती १९३९ लाच पाडलेली.

पण नकाशा म्हंजे घर नव्हे, हे मला फोटोनं शिकवलं. आमच्या नकाशात जिना सोप्याच्या, म्हंजे पुढच्या ओसरीच्या, डाव्या अंगाला. ट्रंकेतल्या फोटोत, सोप्यात आजी उभी आहे आणि जिना उजवीकडं. आता काय खरं? जुन्या काळी निगेटिव्ह उलटी ठेवून प्रिंट काढली की फोटो आरशातल्यासारखा उलटा यायचा, म्हणून आधी ते तपासलं. दुकानाची पाटी असती तर अक्षरांवरनं कळलं असतं, ती नव्हती, मग आजीचा पदर बघितला. नऊवारीचा पदर डाव्या खांद्यावर, फोटोतपण डाव्याच खांद्यावर. फोटो सुलटा. म्हंजे नकाशा मंजूर झाला एक आणि बांधलं दुसरंच. शेवटी सुताराच्या बिलात सापडलं, मोडीतली एक ओळ, गल्लीतल्या एका निवृत्त मास्तरांनी भिंग लावून वाचून दिली: जिना उजवे बाजूस घेणेबद्दल जादा मजुरी, साडेसात रुपये. का घेतला ते बिलात थोडंच असतंय, ते आत्याला विचारलं. ती म्हणाली, "डावीकडनं गोठ्याची वाट होती रे, म्हस जिन्याखालनं जायची नाही, अडून बसायची."

म्हणून बिलं टाकू नका, हे मी सगळ्यांना सांगतोय. वाळू-खडीच्या पावत्यांत 'ब्रास' असतंय, एक ब्रास म्हंजे १०० घनफूट, त्यावरनं पायात किती दगड गेला याचा अंदाज येतोय. सरकारी काम असलं तर मेजरमेंट बुक शोधा, एम.बी., नकाशात जे काढलंय ते नव्हे तर जागेवर टेप लावून जे मोजलं ते त्यात असतंय. बिलावर तारीख नसली तरी पैशावरनं काळ लागतो, आणे-पै असले तर बहुतेक १ एप्रिल १९५७ च्या आधीचं, 'नवे पैसे' लिहिलेलं असलं तर त्यानंतरच्या सात वर्षांतलं. छपरावर चढायची तयारी असली तर मंगलोरी कौल उलटं करून बघा, कारखान्याचं नाव आणि कधी कधी साल पण छापलेलं असतंय. पण कौलं नंतर बदललेली असू शकतात, तेवढ्यावर घराचं वय सांगत सुटू नका.

कागद सांभाळायचं आता. निळ्या जमिनीवर पांढऱ्या रेषा असल्या तर ती खरी ब्लूप्रिंट, तिला क्षार चालत नाही, निळा रंग उडतो. साबणाचा हात नको आणि चुना लावलेल्या ओलसर कोनाड्यात तर अजिबात ठेवू नका, आमच्याकडं नेमकं तिथंच ठेवायची पद्धत. फ्रेम करून भिंतीवर पण लावू नका, उजेडानं फिकी पडते. पांढऱ्यावर जांभळट-निळ्या रेषा असल्या तर ती अमोनिया प्रिंट, ती वेगळ्या गुंडाळीत, ब्लूप्रिंटला चिकटून नको. आणि चकचकीत मेणकापडासारखं दिसणारं ट्रेसिंगचं कापड असतंय, त्यावर खळ असते, पाण्याचा एक थेंब पडला की कायमचा डाग. तांब्या-भांडं लांब ठेवा.

गुंडाळी आखडली असली तर ओढून सरळ करू नका, फाटते. पावसाळा संपल्यावर सावलीत दोन-तीन दिवस सैल ठेवायची, मग थोडी थोडी उघडत कडेला कापडात गुंडाळलेली वजनं ठेवायची. इस्त्री नाही. सेलोटेप तर नाहीच. आणि लॅमिनेशन... आमच्या नकाशाची दुसरी शीट, सेक्शनची म्हंजे घर उभं कापल्यासारखं दाखवणारी, मीच एका दुकानात नेऊन लॅमिनेट करून आणली, लई हुशारी केली असं वाटलं होतं. मशिनच्या उष्णतेनं घडीवर चिकटून सुरकुतली ती कायमची, आता सोडवता पण येत नाही. बुरशी आलेले कागद वेगळे काढा, तोंडाला फडकं बांधा, सावलीतच वाळवा, मग मऊ ब्रशनं झाडा.

स्कॅनर छोटा असला तर मोठी शीट जमिनीवर अंथरून मोबाइलनं वरनं तुकड्यांत फोटो काढा, प्रत्येक तुकड्यात आधीच्याचा तिसरा हिस्सा यायला पायजे, आणि कडेला शाळेची एक पट्टी ठेवा म्हंजे नंतर माप लावता येतंय. फ्लॅश बंद. एक फोटो तिरक्या उजेडात जास्तीचा काढा, पुसलेली पेन्सिल आणि शिक्के त्यातच दिसतात. घरचे फोटो ६०० डी.पी.आय.ला स्कॅन करा, मागची बाजू पण, स्टुडिओचा शिक्का तिथंच असतोय. फोटोमागं लिहायचं तर मऊ पेन्सिलनं, कडेला, हलक्या हातानं. बॉलपेननं दाबून लिहिलं की पुढच्या बाजूला आजोबांच्या कपाळावर अक्षरं उठतात.

फाइलला नाव देताना साल, गल्ली, सी.टी.एस. नंबर, आणि काय आहे ते, याच क्रमानं द्या. आमच्या ग्रुपवर एकानं चाळीस फोटो टाकलेत, सगळ्यांचं नाव 'जुनं घर', आता त्यातलं अनगोळचं कुठलं आणि वडगावचं कुठलं हे त्यालाच सांगता येईना झालंय. एक कॉपी घरी, एक पेन ड्राइव्हवर दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडं, एक नेटवर. आणि स्कॅन झालं म्हणून मूळ कागद बंबात घालू नका, आमच्याकडं आत्या अजून विचारते, "झालं न्हवं तुझं, घालू का आता?"