मिसळ पार्सल आणायची तर घरून डबा न्या

रविवारी नवऱ्याला मिसळ आणायला पाठवलं की तो काय आणतो, तर उकळता रस्सा पिशवीत भरून वर रबर, आणि पिशवी अशी गरम की धरवत नाही. बाळाचं प्लॅनिंग चालू असेल ना तर पहिली ही सवय मोडा, बाकीचं नंतर. बीपीए, फ्थॅलेट ही प्लॅस्टिक बनवताना वापरलेली केमिकल्स त्यातून गरम आणि तेलकट पदार्थात जास्त उतरतात आणि आपल्या तर्रीत दोन्ही आलं, वर पिशवी कुठल्या प्लॅस्टिकची ते दुकानदारालाही माहीत नसतं.

बीपीए शरीरात इस्ट्रोजेन या बायकांच्या हार्मोनची नक्कल करतं. बोस्टनला आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबीचे उपचार) करणाऱ्या बायकांच्या लघवीत ही केमिकल्स मोजली, ज्यांच्यात जास्त त्यांची स्त्रीबीजं सरासरी कमी मिळाली. पण म्हणून प्लॅस्टिकमुळेच मूल होत नाही असं कोणी म्हणालं तर ऐकू नका, संबंध दिसलाय, तेच कारण आहे असं सिद्ध नाही झालेलं.

चांगली गोष्ट म्हणजे बीपीए साधारण एका दिवसात लघवीवाटे निघून जातं, पण आपण रोज नवीन घेतो म्हणून ते कायम सापडतं. स्त्रीबीज तयार होण्याचा शेवटचा टप्पा साधारण 3 महिन्यांचा, म्हणून बदल करायचा तर तेवढा आधी करा.

काय करायचं? हळदीने पिवळा पडलेला, चरे गेलेला तो डबा आहे ना, त्यात आजपासून खिळे-स्क्रू ठेवा. भांडी बाजारात जाऊन क्लिपवाले स्टीलचे डबे घ्या (तांब्याचं भांडं फक्त पाण्याला हं, ताक-चिंच त्यात नको). मायक्रोवेव्हला काच. पाण्याचा जार टेम्पोत उन्हात तापलेला आला तर परत पाठवा. बीपीए-फ्री लिहिलंय म्हणून जास्त पैसे देऊ नका, त्यात बऱ्याचदा बीपीएस असतं, त्याचाच भाऊ. आणि हाताला सॅनिटायझर लावून लगेच बिलाची गुळगुळीत पावती धरू नका, त्या कागदावरही बऱ्याचदा बीपीए असतं आणि तसं केलं की ते कातडीतून जास्त आत जातं.

वर्षभर ट्राय करून दिवस राहत नसतील, पस्तिशीपुढे असाल तर 6 महिन्यांतच, डॉक्टरकडे जा, डबे बदलत बसू नका.

आणि मिसळीला दोन डबे न्या, एक मटकीला, एक रश्श्याला. पहिल्यांदा मिसळवाला तोंड वाकडं करतो, मग स्वतःच विचारतो, ताई तर्री वेगळी देऊ का?