वाहनाची सुरक्षा तपासणी : केंद्र निवडताना आणि वेळ ठरवताना या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी या पट्ट्यात वाहनाच्या तपासणीचा विषय निघाला की कुणी पासिंग म्हणतो, कुणी एफसी म्हणतो, आणि पुष्कळ जण पीयूसीची चिठ्ठी डॅशबोर्डमध्ये आहे म्हणजे काम झाले असे धरून चालतात. पहिली चूक येथेच होते. पीयूसी म्हणजे केवळ धुराची तपासणी असते. त्या केंद्रावर ब्रेक, स्टिअरिंग किंवा टायर यांकडे कोणीही पाहत नाही. एफसी, म्हणजेच वाहनयोग्यतेचे प्रमाणपत्र, हे ट्रक, टेम्पो, रिक्षा, वडापच्या गाड्या, शाळेच्या बसगाड्या अशा परिवहन वाहनांसाठी मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 56 नुसार सक्तीचे असते. खाजगी मोटार, दुचाकी किंवा शेतीचा ट्रॅक्टर यांना दर वर्षी किंवा दोन वर्षांनी एफसी करावी लागत नाही, मात्र नोंदणीला 15 वर्षे पूर्ण होताना वाहनाची तपासणी होऊनच नोंदणीचे नूतनीकरण मिळते, आणि ते पुढे 5 वर्षांसाठी असते.

तारखांच्या बाबतीत सर्वांत जास्त फसगत होते ती परिवहन वाहनांच्या मालकांची. नव्या वाहनाची योग्यता पहिली 2 वर्षे गृहीत धरलेली असते आणि त्यानंतर वाहन 8 वर्षांचे होईपर्यंत नूतनीकरण 2 वर्षांसाठी मिळते. त्यामुळे दोन वर्षांनी एकदा जायचे, ही सवय अंगवळणी पडते. वाहन 8 वर्षांहून जुने झाले की प्रमाणपत्र एकाच वर्षाचे मिळते, आणि जुनी सवय मोडली नाही तर नवव्या-दहाव्या वर्षी गाडी महिनोन्महिने विनाएफसी धावत राहते. हे केवळ दंडापुरते मर्यादित राहत नाही. योग्यता प्रमाणपत्र नसलेले परिवहन वाहन कायद्याच्या दृष्टीने वैधपणे नोंदलेलेच मानले जात नाही, आणि अशा गाडीचा अपघात झाला तर विमा कंपनी भरपाईच्या दाव्यावर हरकत घेते, तेव्हा मालकाचे घरदार पणाला लागते. केंद्र सरकारच्या नियमांनुसार 1 एप्रिल 2022 पासून संपलेल्या एफसीवर प्रत्येक दिवसाला 50 रुपये जादा शुल्क लागू झाले, तेव्हा दिरंगाईचा हिशेबही लहान राहिलेला नाही.

खाजगी वाहनाच्या मालकाची चूक वेगळ्या प्रकारची असते. जुनी मोटार ज्या दिवशी आपण विकत घेतली तेथून 15 वर्षे मोजली जातात, असा समज आपल्याकडे बराच रुजलेला आहे. प्रत्यक्षात मोजणी पहिल्या नोंदणीच्या तारखेपासून होते, आणि आरसीवर, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावर, नोंदणीची मुदत स्पष्ट छापलेली असते. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्यापूर्वी 60 दिवसांच्या आत करता येतो, त्याआधी करता येत नाही. हे 60 दिवस पुरेसे वाटतात, परंतु त्यात थकलेला कर भरणे, हरित कराचा भरणा, विम्याचे नूतनीकरण, उच्च सुरक्षा क्रमांकपट्टी बसवणे आणि गॅरेजमधील दुरुस्ती एवढे सगळे उरकायचे असते. आरसीवरचा मोबाइल क्रमांक बंद पडलेला असेल तर ऑनलाइन अर्जासाठी लागणारा ओटीपीच येत नाही, आणि तो क्रमांक बदलण्यात आणखी दिवस जातात. त्यामुळे मुदतीआधी तीन महिने परिवहन पोर्टलवर किंवा एम-परिवहन ॲपवर वाहनाचा क्रमांक टाकून नोंदणी, विमा, पीयूसी आणि कर या चारही तारखा एकदा पाहून घ्याव्यात. 15 वर्षांवरील वाहनांचे शुल्क अलीकडच्या काळात बरेच वाढलेले आहे. शेजाऱ्याने दोन वर्षांपूर्वी किती भरले यावर विसंबू नये, अर्ज भरताना पोर्टल दाखवते तीच रक्कम खरी मानावी.

पीयूसीबद्दल थोडक्यात सांगता येईल. नव्या वाहनाला पहिले वर्ष ती लागत नाही. त्यानंतर बीएस-4 आणि बीएस-6 वाहनांना ती एक वर्षाची मिळते, त्याआधीच्या वाहनांना सहा महिन्यांची. प्रमाणपत्राचा नमुना देशभर एकच असून त्याची नोंद सरकारच्या ‘वाहन’ या नोंदणी-डेटाबेसमध्ये जाते, म्हणून ती बेळगावात काढली की कोल्हापुरात याने फरक पडत नाही. केंद्र अधिकृत आहे आणि नोंद ऑनलाइन दिसते एवढे मात्र तेथेच पडताळून पाहावे. डिझेल गाडी पहाटे थंड इंजिनावर केंद्रात नेऊन उभी केली तर धूर जास्त दिसतो. पंधरा-वीस मिनिटे गाडी चालवून इंजिन तापल्यावर चाचणी द्यावी, आणि त्याआधी एअर फिल्टर काढून पाहावा, कारण ऊसपट्ट्यातील धुळीत तो कंपनीने सांगितलेल्या अंतराच्या आधीच चोंदतो.

नोंदणी नूतनीकरणाचे केंद्र निवडताना मात्र ‘जवळचे ते बरे’ हा विचार चालत नाही. आपल्या बेळगाव जिल्ह्यात बेळगाव (केए-22), चिकोडी (केए-23), बैलहोंगल (केए-24), गोकाक (केए-49) इत्यादी परिवहन कार्यालये आहेत. निपाणी, बोरगाव, सदलगा या भागाचे बाजारहाट आणि नातेसंबंध कोल्हापूर-इचलकरंजीशी जोडलेले आहेत, आणि तेथील कार्यालयात मराठीतून बोलता येते, हा मोह समजण्यासारखा आहे. तरीही केए क्रमांकाच्या आणि येथेच वावरणाऱ्या वाहनाच्या नोंदणीचे नूतनीकरण कर्नाटकातील नोंदणी प्राधिकाऱ्याकडेच करावे लागते. उलट बाजूची चूकही तितकीच सर्रास आढळते. एमएच किंवा जीए क्रमांकाची मोटार कोल्हापूरच्या किंवा पणजीच्या नातेवाइकाकडून घेऊन येथे वर्षानुवर्षे वापरली जाते आणि 15 वर्षे पूर्ण होत आल्यावर मालक बेळगावच्या कार्यालयात चौकशीला जातो. कलम 47 नुसार दुसऱ्या राज्यात 12 महिन्यांहून अधिक काळ ठेवलेल्या वाहनाला त्या राज्याचा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो, आणि त्यासाठी मूळ कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. मुदत संपायला महिना उरला असताना ही दोन्ही कामे एकदम उरकत नाहीत. असे वाहन घेतल्याबरोबर आधी ना-हरकत आणि येथील नोंदणी करावी, तपासणीचा विचार त्यानंतरचा.

आणखी एक गोष्ट कार्यालयात जाण्यापूर्वीच विचारून घ्यावी. गेल्या काही वर्षांत देशभर स्वयंचलित चाचणी केंद्रे उभी राहत आहेत, जेथे ब्रेक, धूर, हेडलाइट यांची मापे यंत्राने घेतली जातात आणि निकाल थेट संगणकावर जातो. आपल्या कार्यालयाच्या हद्दीतील वाहनांची तपासणी अशा केंद्रात होते की निरीक्षकांकडून मैदानावर, हे वेळ आरक्षित करतानाच खात्री करून घ्यावे. मैदान आणि कार्यालय वेगवेगळ्या ठिकाणी असू शकते. रस्त्याकडेच्या फलकावर ‘फिटनेस’ लिहिले आहे म्हणून ते मान्यताप्राप्त केंद्र ठरत नाही. ‘गाडी न आणता एफसी करून देतो’ असे सांगणाऱ्या माणसाकडे तर कागदपत्रे देऊच नयेत, कारण त्या कागदावर उद्या आपल्याच गाडीत शाळेची मुले बसणार असतात.

आता ज्या चुकीबद्दल मला सर्वांत जास्त कळकळ वाटते तिच्याकडे वळतो. कागदावरची तारीख हे तपासणीचे शेवटचे टोक असते. तपासणीची खरी वेळ आपला रस्ता आणि आपला हंगाम ठरवतो. कायद्यातही हेच गृहीत आहे, कारण प्रमाणपत्राची मुदत शिल्लक असली तरी वाहन नियमांत बसत नाही असे आढळल्यास अधिकारी ते रद्द करू शकतात. आपल्या भागात वर्षाला दोन वेळा अशा येतात की त्या चुकवू नयेत. पहिली वेळ मृगाच्या पावसाआधीची आहे. खानापूर तालुक्यात, विशेषतः कणकुंबीकडे, पाऊस अतोनात पडतो आणि चोर्ला किंवा आंबोली घाट उतरताना ब्रेकवर लांबवर सतत ताण येतो. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते, आणि जुने ऑइल लांब उतारावर तापले की त्यात वाफेचे बुडबुडे धरतात. मग पेडल एकाएकी मऊ पडते. सपाट रस्त्यावर, बेळगाव शहरातल्या गर्दीत, हा दोष जाणवत नाही. म्हणून मे महिन्यातच ब्रेक ऑइल, लायनर, वायपरचे रबर आणि टायर पाहून घ्यावेत. मोटारीच्या किंवा ट्रकच्या टायरवर 1.6 मिलिमीटरपेक्षा कमी नक्षी उरली की तो टायर नियमाने बाद ठरतो, आणि ओल्या रस्त्यावर त्याहूनही आधी तो घसरू लागतो. खोबणीच्या तळाशी झीजदर्शक उंचवटे असतात. नक्षी त्यांच्या पातळीला आली की टायर बदलण्याची वेळ झाली असे समजावे.

दुसरी वेळ ऊस हंगामाच्या तोंडावरची आहे. दिवाळीच्या सुमारास कारखान्यांची धुराडी पेटली की चिकोडी, अथणी, रायबाग, गोकाक या भागांतील रस्ते रात्रंदिवस ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी भरून जातात. शेतात नांगरताना एकाच बाजूचा ब्रेक लावता यावा म्हणून ट्रॅक्टरला डाव्या आणि उजव्या चाकाचे ब्रेक पेडल वेगवेगळे असतात, आणि ते एकत्र जोडणारी एक छोटी खिट्टी असते. रस्त्यावर येताना ती खिट्टी लावलेली नसेल आणि घाईत एकच पेडल दाबले गेले, तर ट्रॅक्टर एकदम एका बाजूला ओढला जातो आणि मागची भरलेली ट्रॉली त्याला ढकलत राहते. खिट्टी लावलेली असली तरी दोन्ही ब्रेकची पकड सारखी नसेल तर परिणाम तोच होतो, म्हणून हंगामाआधी मोकळ्या जागेत, रिकाम्या ट्रॉलीसह, हळू वेगात ब्रेक लावून ट्रॅक्टर सरळ थांबतो का हे पाहावे. ट्रॉलीचा हुक, त्याची पिन आणि पिनेची सुरक्षा कडी यांची झीज हाताने चाचपावी. ट्रॉलीच्या मागचे रेडियम, म्हणजे उजेड परतवणारी पट्टी, उसाच्या पाचटाने झाकले जाते किंवा चिखलाने माखते, आणि काळोखात मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराला समोर उभी असलेली ट्रॉली दिसतच नाही. रेडियम मागे लाल, पुढे पांढरे असावे, मान्यताप्राप्त खुणेचे असावे आणि भरलेला ऊस ज्याच्यावर लोंबणार नाही अशा उंचीवर असावे. दुकानात मीटरवर मिळणारी कुठलीही चमकती पट्टी त्याची जागा घेऊ शकत नाही.

तपासणीला गाडी नेताना परत पाठवले जाण्याची कारणे बहुतेक वेळा किरकोळ असतात. मागचा ब्रेक-दिवा लागत नाही, हॉर्नचा आवाज बसलेला असतो, एक आरसा फुटलेला असतो, वायपर काचेवर नुसताच फिरतो, किंवा स्पीडोमीटर बंद असतो. या सर्व बाबी नियमातील तपासणीच्या यादीत आहेत, आणि चालकाला ब्रेक-दिवा स्वतः दिसत नसल्यामुळे तो महिनोन्महिने बंद राहतो. आदल्या संध्याकाळी गाडी भिंतीकडे पाठ करून उभी करावी, ब्रेक दाबावा आणि भिंतीवर दोन्ही बाजूंना लाल उजेड पडतो का ते आरशातून पाहावे. मग गाडी फिरवून हेडलाइटचे दोन्ही झोत भिंतीवर सारख्या उंचीवर पडतात का तेही पाहावे. स्टिअरिंगमध्ये चाक हलण्याआधीचा मोकळा खेळ 30 अंशांपर्यंतच चालतो. त्याहून अधिक असेल तर टायरॉड आणि बॉल जॉइंट मेकॅनिककडून पाहून घ्यावेत. नुसते ग्रीस भरून हा दोष जात नाही. जास्तीचे प्रखर दिवे, ट्रॉलीला किंवा टेम्पोला वाढवलेला सांगाडा, बदललेला सायलेन्सर हे बदल नोंदणीतील तपशिलाशी जुळत नाहीत आणि कलम 52 च्या विरोधात जातात. तपासणीपुरते ते काढून नंतर पुन्हा बसवण्याची पद्धत आपल्याकडे आहे; ती सोडावी, कारण समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात ते तपासणीच्या दिवशी नव्हे, रात्रीच्या रस्त्यावर.

गाडी नापास झाली तर निमूटपणे परतू नये. प्रमाणपत्र नाकारताना कारणे लेखी देणे कलम 56 नुसार अधिकाऱ्यावर किंवा चाचणी केंद्रावर बंधनकारक आहे, म्हणून ती लेखी मागून घ्यावीत. शेरा कन्नडमध्ये असेल आणि वाचता येत नसेल तर तेथेच सौजन्याने अर्थ विचारून शेजारी मराठीत टिपून ठेवावा, नाहीतर गॅरेजमध्ये मेकॅनिक भलताच भाग खोलून बसतो. दुरुस्तीची पावती जपावी आणि पुन्हा तपासणीची वेळ लगेच घ्यावी; नकार अन्यायाचा वाटत असेल तर तो कळल्यापासून 30 दिवसांत अपील करता येते. गाडी उत्तीर्ण झाली तरी प्रमाणपत्र हातात येताच किंवा पोर्टलवर दिसताच त्यावरील चासी क्रमांक, इंजिन क्रमांक आणि मुदतीची तारीख आरसीशी ताडून पाहावी. एका अंकाची चूकही नाक्यावर किंवा विम्याच्या कचेरीत महागात पडते, आणि कार्यालयाच्या आवारात असतानाच ती दाखवून दिली तर दुरुस्तीसाठी पुन्हा हेलपाटा घालावा लागत नाही.