व्हिडिओसाठी एनडी फिल्टर: फिक्स्ड घ्यायचा की व्हेरिएबल?

एनडी फिल्टर म्हणजे लेन्सपुढे लावायची, प्रकाश कमी करणारी काच. आधी हिशोब करा, फिल्टर नंतर. कडक उन्हात आयएसओ १०० ला अपर्चर एफ १६ आणि शटर १/१०० ठेवलं की एक्स्पोजर साधारण बरोबर येतं. आपण सेकंदाला २५ फ्रेम्सला शूट करतो म्हणजे शटर त्याच्या दुप्पट, १/५०, तिथेच एक स्टॉप वाढला (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा), आणि मागचं ब्लर हवं म्हणून एफ २.८ वर गेलात की अजून ५, म्हणजे एकूण ६ स्टॉप कापायचेत, एनडी६४ (प्रकाश ६४ पट कमी). लॉगमध्ये (नंतर रंग दुरुस्त करायला सोपं पडणाऱ्या फिक्या प्रोफाइलमध्ये) शूट करताय आणि त्यासाठी कॅमेऱ्याचा बेस, म्हणजे ठरलेला मूळ आयएसओ ८०० असेल तर अजून ३, झाले ९. शटर वाढवून भागवू नका प्लीज, १/२००० ला साधा चालणारा माणूसही झटके देत चालल्यासारखा दिसतो आणि एडिटमध्ये ते धड सुधारत नाही.

फिक्स्ड म्हणजे एकच काच, स्टॉप ठरलेले. एनडी८ म्हणजे ३ स्टॉप. काही कंपन्या त्यालाच ०.९ लिहितात, ०.३ म्हणजे १ स्टॉप एवढं लक्षात ठेवलं की गोंधळ होत नाही. व्हेरिएबलमध्ये दोन पोलरायझर एकावर एक बसवलेले असतात, पुढचा फिरवला की प्रकाश कमी-जास्त होतो, पोलराइज्ड गॉगल घालून मोबाईल तिरका केल्यावर स्क्रीन काळी पडते ना, तेच.

आणि त्याचे सगळे त्रास इथूनच येतात. वाइड लेन्सवर निळं आभाळ घेतलं की एका बाजूला गडद आणि दुसरीकडे फिकं, त्यात पॅन केला (कॅमेरा आडवा फिरवला) तर तो डाग फ्रेममधून सरकत जातो. रिंग फिरवली की एक्स्पोजरबरोबर पाण्यावरची चमक, गाडीच्या काचेतलं रिफ्लेक्शन, चेहऱ्यावरचं तेज हेही बदलतं. तळं, समुद्र, धबधबा असेल तर मला हे अजिबात चालत नाही. शेवटच्या टोकाला नेलात तर फ्रेममध्ये काळी फुली दिसते, वाइडवर सगळ्यात आधी, म्हणून २ ते ५ स्टॉपवालाच घ्या आणि दोन्ही टोकांना रिंग अडणारी हवी. एनडी२ ते एनडी४०० असं लिहिलेले स्वस्त फिल्टर मी कोणालाच सुचवणार नाही.

तरीपण लग्न एकट्याने शूट करणाऱ्याने व्हेरिएबलच घ्यावा असं माझं ठाम मत आहे. वरात उन्हातून झाडाखाली, झाडाखालून परत उन्हात, त्यात ढग, आणि नवरदेव काही तुमच्या फिल्टर बदलण्यासाठी थांबणार नाही. वारीसारख्या ठिकाणीही तेच. फक्त हॉलमध्ये शिरताना काढा, कारण अगदी कमीवर ठेवला तरी तो दीड-दोन स्टॉप खातोच. व्हाइट बॅलन्स लॉक ठेवा, फिरवताना रंग थोडा सरकतो आणि ऑटो त्याच्यामागे धावत बसतं.

ट्रायपॉडवर इंटरव्ह्यू, निसर्ग, प्रॉडक्ट असलं काम असेल तर फिक्स्ड. एनडी८ आणि एनडी६४ एवढे दोन घेतले तरी ३, ६ आणि दोन्ही लावून ९ मिळतात, मधलं अपर्चर-आयएसओने जुळवा. ड्रोनला पण फिक्स्डच, वर गेल्यावर रिंग कोण फिरवणार. ६ स्टॉप आणि त्यापुढचा घेताना इन्फ्रारेड कापणारा बघून घ्या, नाहीतर काळा सिंथेटिक ब्लेझर तपकिरी-मरून दिसतो. सोनी एफएक्स६ सारख्या कॅमेऱ्यात व्हेरिएबल एनडी आतच आहे, तो इलेक्ट्रॉनिक असल्याने त्यात पोलरायझरची ही भानगड नाही, पण किंमत त्या मानाने.

साइज मात्र सगळ्यात मोठ्या लेन्सचा घ्या, ७७ किंवा ८२ मिमी, आणि बाकीच्यांना स्टेप-अप रिंग (लहान लेन्सवर मोठा फिल्टर बसवणारी कडी). त्यावर लेन्सचं हुड बहुतेक बसत नाही, त्यामुळे सूर्य समोर असेल तर काचेवर हाताची सावली धरावी लागते. दुकानात व्हेरिएबल बघताना स्वतःची सगळ्यात वाइड लेन्स न्या, पांढऱ्या भिंतीवर धरून पूर्ण रिंग फिरवत क्लिप काढा, कोपरे आणि रंग तिथेच कळतात.